मैनाजवळ बसलेली बाई

थर्मामीटरचा पेला घेऊन नलू भर दुपारी बायकांच्या वॉर्डात शिरली, तेव्हा तिच्या मनात भीतीबिती काही नव्हती. होता तो नुसता वैताग. किहीमच्या त्या लहानशा इस्पितळात पूर्वी प्रत्येक नर्सला आपापल्या खाटा असत. त्या खाटेवरच्या बाईचं तोंड धुण्यापासून तिच्या नवऱ्याची गाऱ्हाणी ऐकण्यापर्यंत सगळं त्या नर्सच्याच गळ्यात. मग मुंबईहून नव्या मेट्रनबाई आल्या आणि त्यांनी कामं वाटून टाकली. नलूने साऱ्या वॉर्डाचा ताप बघायचा, कमळने साऱ्यांना औषधं द्यायची, जनीने साऱ्यांच्या चादरी बदलायच्या. कामं कशी भराभर उरकू लागली, मेट्रनबाई खूश. रोगी मात्र आता कुणाचेच राहिले नव्हते, आणि नलूला ते मनातून फार लागत होतं.

उन्हामुळे खिडक्यांवरचे बांबूचे पडदे खाली सोडलेले होते. आत तांबूस अंधार, फिनेलचा वास, आणि त्यात मिसळलेला किनाऱ्यावर वाळणाऱ्या मासळीचा. कोपऱ्यातल्या खाटेवर मैना होती, रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली पहिलटकरीण. सकाळीच बाळंत झालेली. बाळ पाळण्यात निजलेलं.

नलूने थर्मामीटर लावून पाहिला. ताप नव्हता.

"बरं वाटतंय ना गं?"

"बरं हाय," मैना हलक्या आवाजात म्हणाली. "ती बाय बसलीय ना माज्याजवल. हात धरून. म्हनली, कोनाला हाक मारू नको... मी हाय."

"कोण, कमळ?"

"नाव न्हाय म्हायती. तुमच्यासारकीच, पांढऱ्या कपड्यांतली. हात लय गार हाय तिचा."

नलूला बरंच वाटलं. चला, मेट्रनबाईंचा डोळा चुकवून कुणीतरी पोरीजवळ बसतंय म्हणायचं. ती पुढच्या खाटेकडे वळली.

दाराशी कमळ औषधांचा ट्रे घेऊन उभी होती. नलू हसून म्हणाली, "मैनाजवळ बसतेस ते बरं करतेस हो."

"मी? मला कुठली सवड? मला वाटलं तूच बसतेस. गोळी द्यायला गेले तर म्हणाली, ती बाई देईल मागून."

मागून जनी चादरींचा गठ्ठा घेऊन आली. "मलापण तसंच बोलली. चादर त्या बाईने आत्ताच बदलली म्हणे. मग मी कशाला बघतेय, पुढे गेले."

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. वॉर्डात नर्सा तीनच होत्या.

नलू धावली. तिने मैनाच्या अंगावरची चादर उचलली. खालचं सगळं अंथरूण रक्ताने भिजलं होतं. पोरगी मुकाट्याने वाहून चालली होती, आणि तिघींपैकी एकीनेही चादर वर करून पाहिली नव्हती. पाहणं हे कुणाचंच काम नव्हतं.

मग एकच धावपळ. कमळने डॉक्टरांना बोलावून आणलं, इंजेक्शन झालं, नलू दोन्ही हातांनी मैनाचं पोट चोळत राहिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "थांबतंय. पण हिच्याजवळून हलायचं नाही. पुन्हा सुरू झालं तर ही वाचायची नाही."

नलू खाटेच्या उजव्या बाजूला बसली. एक हात पोटावर, एका हातात मैनाचा हात. एवढ्यात मेट्रनबाई दारात आल्या.

"नलू, बाकीच्यांचा ताप कोण बघणार?"

"कुणीही बघा. मी इथून उठणार नाही." वरिष्ठांना असं उलट उत्तर तिने जन्मात दिलं नव्हतं.

मेट्रनबाईंनी रागवायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्या खाटेच्या पलीकडे बघत होत्या.

"आणि त्या बाजूला... ती कोण बसलीय? तिला मी काही काम दिलेलं नाही..."

नलूने पाहिलं. पलीकडचं स्टूल रिकामं होतं. पण मैनाचा डावा हात खाटेवर नव्हता. तो हवेत होता, बोटं कशावर तरी मिटलेली, आणि कुणी उठून निघताना ओढून न्यावं तसा तो हळूहळू वर चालला होता. इकडे नलूच्या मुठीतला हात गार पडत होता.

मेट्रनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्या गेल्या. पलीकडच्या स्टुलावर बसल्या आणि उजव्या हाताने त्यांनी तो हात घट्ट पकडला.

"सोड," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सोड तिला..."

दिवेलागण होईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. मग मैनाने डोळे उघडले आणि बाळ मागितलं. नलूला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी जिच्या खाटा तिला परत केल्या. कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून त्या लिहिणं, जेवणं सगळं डाव्या हाताने करू लागल्या. उजवा हात बाजूला नुसता लोंबत असे, मूठ अर्धवट मिटलेली. एकदा न राहवून नलूने विचारलं, "बाई, हात दुखतो का हो?"

"दुखत नाही गं," मेट्रनबाई म्हणाल्या. "सोडत नाही ती."