तेरावा ठिपका

२००९ सालचा नोव्हेंबर. तोंडवलीच्या किनाऱ्यालगतच्या सुरूबनात अस्मिताने बारा झाडांना बारा यंत्रं बांधली होती. प्रत्येक यंत्र साबणाच्या वडीएवढं. वाळूतला ओलावा मोजून बिनतारी कळवायचा, एवढंच त्यांचं काम. पण मोजणी कुठली, हे कळायला यंत्राला स्वतःची जागा कळावी लागे. शेजारच्या यंत्रांचे संदेश किती जोरात येतात, यावरून ते ती काढी. खाऱ्या, दमट हवेत नेमका तो जोर फसवायचा आणि जागा नऊ-नऊ मीटर चुकायची. ही चूक एका मीटरच्या आत आणली, की कोल्हापूरच्या कॉलेजात तिचा प्रबंध पुरा होणार होता.

तीन आठवडे ती बनाच्या कडेला, मासे विकणाऱ्या यशोदा तांडेल यांच्याकडे राहत होती.

त्या सकाळी तिने दमटपणाचा हिशेब नव्याने घातला आणि बाराही ठिपके नकाशावर आपापल्या झाडांवर चपखल बसले. अस्मिता एकटीच हसली. मग पडताळणीसाठी तेरावं यंत्र आणि नकाशाचा छोटा पडदा हातात घेऊन ती बनाच्या मध्यावरून चालू लागली.

कडेला पोचली तरी तेरावा ठिपका मध्यावरच होता. संभाव्य चूक, ऐंशी सेंटिमीटर.

तिने बॅटरी बदलली. थेट पाण्यापर्यंत गेली. ठिपका मध्यावरच. चाळीस.

बाकीचे बारा मात्र अचूक होते.

लाट पायांवरून गेली. पाय ओले झालेले दिसले, जाणवले नाहीत. उघड्या वाळूवर लख्ख ऊन होतं, पण पाठीला सावलीचा गारवा होता. आणि कानांत समुद्र नव्हताच. सुरूंची सळसळ होती, चारी बाजूंनी, अगदी जवळून.

दहा.

ती पळत सुटली. कुंपणाची वई ओलांडून अंगणात शिरली. यशोदाबाई डोळ्यांवर हाताची सावली धरून बनाकडे बघत उभ्या होत्या.

"मावशी, जरा पाणी द्या."

यशोदाबाई तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिल्या.

"अस्मिता गो! खंय रवलंस? पेज थंड जाता!"

"मावशी, मी इथे आहे. तुमच्यासमोर."

शून्य.

"येतंय गो मावशे!" बनातून उत्तर आलं.

आवाज अस्मिताचाच होता. मालवणीतला एक शब्दही तिने आजवर उच्चारला नव्हता.

यशोदाबाईंचा चेहरा निवळला. त्या वळल्या आणि पेज वाढायला आत गेल्या.