समोर बसतात त्या

त्या दिवशी मी पेणला गेले होते, पोह्यांचे पापड आणायला. रोह्याला परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. घरात शिरून कडी घातली, चार पापड तळावेत म्हणून तेल तापत ठेवलं आणि पाय धुवायला न्हाणीघरात गेले.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "काकू, तेल जळतंय..."

धावत आले. स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. गॅस बंद केला आणि मग भान आलं, घरात तर कुणीच नाही. आवाज कॅमेऱ्यातून आला होता.

आमचे हे गेल्यावर मुलानं, ध्रुवनं, स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलासमोर तो कॅमेरा बसवला होता. तो बंगळूरला असतो. "आई, मोबाइलवर तू दिसत राहशील," म्हणाला होता. सुरुवातीला रोज बघायचा, त्यातून बोलायचाही. पुढे त्याची कामं वाढली. पण ध्रुव मला काकू कशाला म्हणेल?

त्याला फोन लावला. झालेलं सांगितलं.

"मी तर आज कॅमेरा उघडलेलाच नाही, आई... कुणीतरी आत घुसलंय. पासवर्ड कंपनीचाच राहिला होता. तू आधी वायर काढ."

कुणी परका मला जेवताना, केस विंचरताना, नुसती बसलेली बघत होता! अंगावर काटा आला. आणि खरं सांगू? मनात हेही आलं की चला, कुणीतरी बघत तरी होतं.

वायरीला हात लावला तसा आवाज पुन्हा आला. कोवळा, घाबरलेला.

"काकू, मी चोर नाय... गंमत म्हणून शिरलो होतो. परत नाय येणार. पण तुमच्या समोर जेवायला बसतात, त्या कोण?"

"कुणी नाही. मी एकटी असते."

"नाय काकू... आत्तापण त्या..."

मी वायर ओढली.

टेबलापाशी कुणी नव्हतं. जळक्या तेलाचा वास तेवढा घरभर कोंदून राहिला होता.

ध्रुवनं लगेच पासवर्ड बदलला, पोलिसांत तक्रारही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"आई, जुनं रेकॉर्डिंग बघितलं. तू एकटीच आहेस त्यात. पण... जेवताना तू बोलतेस कुणाशी?"

"मी? कुणाशीच नाही रे."

त्यानं रेकॉर्डिंगचा एक तुकडा मोबाइलवर पाठवला.

त्यात मी होते. समोरची खुर्ची रिकामी. हातातला घास तसाच धरून मी तिकडे कान देऊन ऐकत होते, मधूनच हसत होते. हे गेल्यापासून अशी हसल्याचं मला आठवत नाही. मग मी ताटातली भाकरी मोडली, अर्धी पलीकडे सरकवली आणि हळूच म्हणाले,

"राहा की गो मग इथंच... ध्रुव थोडाच येतोय!"