सकाळची कोबोल, संध्याकाळची सी

मे महिन्यात, मालाडमध्ये, कानटोपी! उत्तराला हसू आवरेना. बाहेर चपला काढून ती कॉम्प्युटर क्लासच्या गारठलेल्या खोलीत शिरली, तर तिच्या वाट्याच्या मशीनसमोर हा महाभाग कानटोपी घालून बसलेला.

"हिमालयातून आलास का रे?"

"बोरीवलीहून. सहदेव माझं नाव." तो जराही लाजला नाही. "इथला एसी कॉम्प्युटरसाठी आहे, माणसांसाठी नाही. कळेल तुला."

कळलंच लवकर. तिचे दात वाजायला लागले, तेव्हा त्यानं कानटोपी काढून तिच्यापुढे धरली... आणि तिनं ती, सगळी अक्कल गहाण ठेवून, घातलीसुद्धा.

सत्त्याऐंशी साल ते. एका मशीनवर दोघं, त्यामुळे भांडायला निमित्त शोधावं लागत नसे. बेसिक ही कॉम्प्युटरची पहिली भाषा शिकून होत आली, तशी पुढे कुठली भाषा घ्यायची यावर जुंपली. त्याला कोबोल आवडे, सरळ वाक्यासारखी वाचता येणारी. तिला नवी, चटपटीत सी हवी होती.

"तुझी कोबोल म्हणजे लग्नाच्या याद्या करायची बैठक," ती म्हणे. "मुद्द्यावर यायलाच तास!"

"आणि तुझी सी? दोन अक्षरं टाकायची, बाकी समोरच्यानं ओळखायचं... तुझ्यासारखीच."

हे म्हणताना तो पडद्याकडे पाहत नव्हता. त्या गारठ्यातही उत्तराचे गाल तापले.

गिरणी बंद पडल्यापासून सहदेवचे वडील घरीच होते. अंधेरीतल्या एका कंपनीला कोबोल येणारी मुलं हवी होती. कोर्स पुरा केला की नोकरी नक्की. म्हणजे तो कोबोलच्या सकाळच्या बॅचला, ती सीच्या संध्याकाळच्या. नाव नोंदवायच्या दिवशी उत्तरा जेवण तसंच टाकून निघाली.

क्लासच्या जिन्यातच तो भेटला. "झकास बातमी! मी सीला नाव दिलं. तुझ्याच बॅचला!"

तिला उडी मारावीशी वाटली. मग त्याचे वडील आठवले.

"आणि अंधेरीची नोकरी?"

"बघू ना... मिळेल दुसरी."

"वेडा आहेस का? कोबोल तुला आवडते, घरी तुझ्या पगाराची वाट बघतायत. जा, आधी नाव बदलून ये!"

"मग आपण—" तो अडखळला. "मला तू रोज दिसायला हवीस गं. म्हणून केलं ना यार."

झालं, बोलून गेला एकदाचा! उत्तराला इतका आनंद झाला की रागवायचं कसं ते सुचेना. पण ती रागावलीच.

"मला भेटायला क्लासची फी कशाला भरायला हवी? नुसतं विचारायचं!"

"...विचारू?"

"आधी कोबोल."

पायऱ्या गाळत तो वर पळाला. येईपर्यंत ती जागची हलली नाही. धापा टाकत तो समोर उभा राहिला, आणि त्यानं तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "हो."