रत्नदीपचे न पाठवलेले मेल

हे माझ्यासोबत घडलं आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण चौकशी अजून चालू आहे. बाकी एक अक्षरही वाढवलेलं नाही.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही.

१८ मे २०२४. शनिवार. भर दुपार. गाव तळेगाव, श्यामजी पंतांचं.

मी आचल, वर्ध्याची. लहान संस्थांची कॉम्प्युटरची कामं करते. तळेगावात भाजीपाला पिकवणाऱ्यांची एक संस्था आहे. त्यांचे मेल आणि फाइली एका कंपनीच्या क्लाउडवर होत्या, त्या दुसऱ्या कंपनीकडे न्यायच्या होत्या. सगळं कॉपी करायचं, दोन्हीकडचे आकडे जुळवायचे, मग जुनं बंद करायचं. शनिवारी ऑफिसला सुटी असते, म्हणून तो दिवस ठरला.

सकाळी सचिव मनोहरराव कुलूप उघडून द्यायला आले. खात्यांच्या यादीवर बोट ठेवून म्हणाले, "हे रत्नदीपचं सोडून दे. उडवूनच टाक."

"काऊन काका?"

"माणूसच नाई राह्यला, तं त्याचा मेल कायले पाह्यजे?"

बरोबर होतं. पण जाताना त्यांनी दारातून पुन्हा विचारलं, "उडवशीन ना?"

एवढ्या खात्यांपैकी एकाचीच एवढी काळजी...

मला खटकलं. म्हणून मी ते उडवलं नाही. आधी कॉपी करायला लावलं.

ऑफिसात मी एकटीच. कूलर बंद पडलेला. लॅपटॉपसाठी प्लग मागच्या भिंतीलाच होता, म्हणून लोखंडी खुर्ची ओढून तिथेच बसले. जरा हललं की ती फरशीवर करकर वाजायची.

दुपारी आकडे जुळवले. सगळी खाती जुळली.

रत्नदीपचं जुळेना.

सकाळी त्याच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लिहून न पाठवलेल्या मेलमध्ये, ७१९ मेल होते.

आता ७२०.

मेलेल्या माणसाच्या खात्यात मेल वाढला कसा? मी ड्राफ्ट उघडले. पहिला ३० मे २०२२चा. त्यानंतर रोज एक. एकही दिवस चुकलेला नाही. वेळ प्रत्येकाची एकच... दुपारी एक बेचाळीस.

सगळ्यांत दोनच शब्द.

"दार उघडा."

भीती नाही, मला राग आला. कोणीतरी मेलेल्याचं खातं वापरून चाळे करत होतं. संशय सरळ मनोहररावांवर गेला. पासवर्ड त्यांच्याजवळ असणारच.

मग मी आजचा ड्राफ्ट उघडला.

"दार उघडा. आज बाहेर कोणीतरी आहे. खुर्ची वाजते."

मी जागच्या जागी थिजले.

पहिला विचार आला कॅमेऱ्याचा. छत पाहिलं, कपाटावर पाहिलं. काही नव्हतं. खिडक्या बंद. बाहेर पाहिलं तर अंगणात नुसतं ऊन.

मी त्या खात्याचा पासवर्ड बदलला. जिथे जिथे ते उघडं असेल तिथून बंद केलं. आता माझ्याशिवाय कोणी आत शिरू शकत नव्हतं.

मग मी हललेच नाही. श्वाससुद्धा हळू घेत होते. एक मिनिट... दोन मिनिटं...

आकडा बदलला.

७२१.

"आवाज थांबला. गेले का?"

मी उठले ती थेट ओसरीत. तिथे अनुसयाबाई बसल्या होत्या. त्या ऑफिसची झाडझूड करतात.

"मावशी, मागच्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"कोल्डरूम होती. भाजी ठेवाची. आता बंद आहे. तू काऊन विचारून राह्यली?"

"रत्नदीप कोण होते?"



"तोच पाहे कोल्डरूम. त्या दिवशी, तीस मेले, सारे लग्नाले गेलते. सांजच्याले दार उघडलं, तं दाराजवळच होता. मी पाह्यला ना माह्या डोयानं. अन् गावात सांगतलं, वावरात छातीत दुखलं म्हणून."

"आतून दार उघडत नव्हतं?"

"ते तू सचिवसाहेबाले विचार, पोरी. मले इथंच राहाचं हाये."

बॅग आणायला मला आत जावंच लागलं. तेव्हा त्याचे पाठवलेले मेल पाहिले. एप्रिल २०२२मध्ये मनोहररावांना तीन. तिन्हींत तेच, 'कोल्डरूमच्या दाराचा आतला खटका चालत नाही, दुरुस्त करून द्या.' उत्तर एकालाही नाही.

आता कळलं काय उडवायचं होतं.

मी अख्खं खातं माझ्या हार्डडिस्कवर घेतलं. खुर्चीवर बसले नाही. उभ्यानंच.

पाच वाजता मनोहरराव आले. "उडवलं?"

"हो काका."

त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं. मग त्या भिंतीकडे. आणि मग हळू आवाजात विचारलं...

"तुले काही ऐकू तं नाई आलं?"

मी नाही म्हटलं. खरंच होतं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ऐकत तर तो होता.

पुढच्या आठवड्यात मी पवनारला गेले. रत्नदीपची बायको गोपिका तिथे माहेरी राहते. तिला ते तीन मेल वाचून दाखवले. ड्राफ्टबद्दलही सांगितलं. ती रडली नाही.

"मी तवाच म्हटलं होतं ताई. अंगाले हात लावला तं बरफासारखं. मे महिन्यात माणूस इतका थंड काऊन? कोणी बोललंच नाई मायासंग."

तिने पोलिसांत अर्ज दिला. मनोहररावांना पद सोडावं लागलं. चौकशीसाठी रत्नदीपचं खातं नव्या जागी ठेवायला संस्थेनं मला लेखी सांगितलं. पासवर्ड माझ्याकडेच आहे. जुनं सगळं बंद केलं, आणि त्या दिवसापासून ड्राफ्ट यायचे थांबले.

मला वाटलं, सुटला बिचारा.

ऑगस्टमध्ये पोलिसांनी कोल्डरूम उघडली. क्रेटच्या मागे संस्थेचा टॅब सापडला, भाजीच्या नोंदींसाठी रत्नदीपजवळ असायचा तो. बॅटरी फुगलेली, काच तडकलेली, चालू होणं शक्यच नाही. त्यांनी तो पाकिटात सील केला आणि ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी जेवत होते. सहज खातं उघडलं...

एक नवा ड्राफ्ट होता.

"आता थंडी नाही. पण हेही दार बंदच आहे."

तेव्हापासून रोज एक येतो. मी कोणाला सांगू? पोलिसांना काय म्हणू?

गोपिका दर सोमवारी फोन करते. एकच विचारते, "ताई, त्याचं काही आलं का?"

मी नाही म्हणते.

कालच्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं, "गोपिकाला काऊन सांगत नाही?"