माघारीचं पत्र

कंडक्टरबाई मावशींच्या दारात आली ती ड्यूटीच्या गणवेशातच. उजव्या अंगठ्याला जाडजूड पट्टी.

"मी निवडणुकीतून माघार घेतली म्हणे," ती म्हणाली. "आणि मलाच पत्ता नाही."

मावशी खासगी तपास करत. सोबतीला भावोजी, निवृत्त स्टेशनमास्तर. माणूस लाखातला, पण डोक्यातली गाडी नेहमी उशिरा.

नगरपालिकेसाठी सुधारणावाद्यांच्या गटाने तिघांना उभं केलं होतं. त्यातली एक कंडक्टरबाई. काल कुणीतरी तिच्या माघारीचं पत्र निवडणूक कचेरीच्या पेटीत टाकलं होतं. आज पाचपर्यंत हरकत घेतली नाही, तर तिचं नाव यादीतून जाणार होतं.

मावशींनी कचेरीत जाऊन पत्र पाहिलं, टेबलावरच्या इतर कागदांवर ठेवलं. ते चार बोटं आखूड होतं. पांढऱ्या कागदावर टाइप केलेला मजकूर, त्यात तिचा उमेदवार क्रमांक सात, आणि खाली बॉलपेनची सफाईदार सही.

"सही माझीच आहे," बाई हळूच म्हणाली.

अंगठा रविवारी बसच्या दारात सापडला होता. तेव्हापासूनची तिची सही कोंबडीने पाय उमटवावेत तशी येत होती. क्रमांक तर सोमवारी मिळाले, असं कारकुनाने सांगितलं.

सही करून कोरे कागद तिने तिघांना दिले होते. रजेच्या अर्जासाठी नवऱ्याला वहीचं रेघांचं पान. पोस्टरसाठी छापखानेवाल्याला जाड मार्करची सही. आणि मतदारांच्या पत्रासाठी गटाचे प्रमुख असलेल्या सरांना गटाचं नाव छापलेले दोन कागद.

नवऱ्याने पान कपाटातून काढून पुढ्यात टाकलं. बायकोने राजकारणात पडू नये असं त्याला वाटत होतं आणि ते त्याने लपवलं नाही. छापखानेवाल्याने मार्करची सही दाखवली, सरांकडून आलेला मतदारांच्या पत्राचा कागदही दाखवला. एकच आला होता, असं तो म्हणाला.

उरले सर. गट त्यांनीच उभा केला होता. तिशी उलटलेल्या कंडक्टरबाईला प्रौढांच्या वर्गात त्यांनीच लिहायला शिकवलं होतं. दोन्ही कागद छापखान्यात दिले, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

तीन वाजता मावशींनी सगळ्यांना गटाच्या कचेरीत बसवलं.

"सही रविवारच्या आधीची, मजकूर सोमवारनंतरचा," त्या म्हणाल्या. "म्हणजे सही केलेल्या कोऱ्या कागदावर तो टाइप झाला. नवऱ्याच्या पानावर रेघा आहेत, छापखान्यातली सही मार्करची."

"मग सरांचाही नाही," भावोजी म्हणाले. "त्यावर तर गटाचं नाव छापलेलं."

"वरती, चार बोटांत. तेवढंच कापलंय, भावोजी. आणि सर, तुमचा दुसरा कागद छापखान्यात पोचलाच नाही. तिथल्या वहीत तुमच्याच सहीने एकच कागद दिल्याची नोंद आहे."

सरांनी चष्मा काढला. समोरच्या पक्षाने त्यांना अट घातली होती: तिचा वॉर्ड सोडा, मग उरलेल्या दोन जागांवर आम्ही माणूस देत नाही.

"दोन जागा हातात येत होत्या," ते म्हणाले. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो म्हणाले असते, सर," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं असतं तर हो म्हणाले असते."

मग सरांनी विनवलं, हरकत घेऊ नकोस, त्या दोघांचंही नुकसान होईल. तिने मावशींना वेळ विचारली. साडेतीन झाले होते. ती उठली, निवडणूक कचेरीत गेली, हरकत नोंदवून आली.

तिचं नाव यादीत परत आलं. गटाचे बाकीचे दोघे पडले. ती एकसष्ट मतांनी निवडून आली. सर अभिनंदनाला आले नाहीत, आणि तिनेही वाट पाहिली नाही, असं ती सगळ्यांना सांगे.

पहिल्या सभेसाठी तिने भाषण लिहिलं. आजवर तिचं प्रत्येक भाषण आधी सर तपासत. कागद घेऊन ती त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, तेव्हा आपण कुठे निघालोय ते तिच्या लक्षात आलं आणि ती मागे फिरली. चुकांसकट ते भाषण तिने तसंच सभेत वाचलं.