ओळख पटली नाही

“हलू नका!”

झाडांची पानं गोळा करायला आलेली ती एक पाय अधांतरी धरून उभी राहिली. वनरक्षकानं काठीनं दाखवलं. तिच्या बुटापासून वीतभर अंतरावर, वाळक्या पाचोळ्यात, रातवा पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती.

“बाई गं! दिसलीच नाही मला.”

“दिसू नये म्हणूनच तर तशी बसते ती,” तो हसला. गोड हसला मेला, आणि तिथंच घोळ झाला!

त्या राखीव जंगलात झाडांची मोजणी चालू होती. झाडाचं नाव त्यानं लिहायचं. नाव कळलं नाही, तर ‘ओळख पटली नाही’ असा शेरा मारायचा; मग शहरातल्या वनस्पती संग्रहालयातून तिनं दर मंगळवारी येऊन झाड ओळखायचं. पहिल्या मंगळवारी असे शेरे दोन होते. मग पाच... मग नऊ. दुसऱ्याच मंगळवारी त्यानं चक्क ऐनाचं झाड दाखवलं! मगरीच्या पाठीसारखी साल, शेंबडं पोरही ओळखेल. पण तीही काही कमी नव्हती. भिंग काढून तासभर पानं उलटीपालटी करत बसली. तो शेजारी उभा राहून सुतार पक्ष्याची ढोली दाखवत होता.

दोन महिन्यांनी वनखात्याच्या साहेबांनी तिला बोलावलं. “एक्केचाळीस झाडं ओळखता येत नाहीत? असला रक्षक जंगलात कशाला? उद्यापासून फाटकावर बसवतो त्याला.”

ती तडक त्याच्याकडे गेली.

“खरं सांगून टाका साहेबांना!”

“काय सांगू? तुम्ही यावं म्हणून... खोटं लिहिलं?” त्यानं मान खाली घातली. “फाटकावर बसेन मी. पण जंगलाशिवाय करमायचं नाही हो.”

“आणि मी? मला दुसऱ्या मंगळवारीच कळलं होतं. तरी येत राहिले ना!”

त्यानं चमकून वर पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. तिनं त्याला हाताला धरून साहेबांसमोर उभं केलं आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. “सगळी मोजणी पुन्हा! दर रविवारी, सुट्टीत, बिनपगारी. जंगलातच राहा, पण एक शेरा दिसला तर याद राखा.”

बाहेर आल्यावर तो पुटपुटला, “शिक्षा माझी आहे. तुम्ही कशाला उगाच...”

“अरे, गप रे!”

दोघंही थबकले. ती जीभ चावून जमिनीकडे बघत राहिली.

“अरे म्हणालीस?” त्यानं हळूच विचारलं.

“म्हणाले. रविवारी किती वाजता येऊ, ते सांग.”