आरशातला शेवटचा दिवा

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरांना बाइक घेऊन भटकायला निघायचं होतं, म्हणून रात्री ती पंक्चरवाल्या काकाकडे हवा भरायला आली. काका एरवी टायरात हवा कमी आणि पोरांत अक्कल जास्त भरतो. त्या रात्री मात्र त्याने कॉम्प्रेसर बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि विचारलं, "सगळ्यात शेवटी कोण राहणार?"

"ज्याची गाडी सगळ्यात खटारा, तो!" एक जण हसत म्हणाला.

काका हसला नाही. "बसा खाली. माझ्याकडे एक वायरमन येतो, त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. फक्त अंधार पडल्यावर विचारू नका."

आणि काकाने जे सांगितलं ते असं.

मागच्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता.

ग्रुपचा म्होरक्या होता वायरमनचा मामा. जन्मभर खुर्चीत बसून शिक्के मारले, रिटायर झाल्यावर धडधडणारी मोठी बाइक घेतली आणि सगळ्यांनी मला कॅप्टन म्हणा, असा हुकूम काढला. त्याच्याच वयाचे तिघेचौघे त्याला येऊन मिळाले. गुडघे जुने, जॅकेटं नवीकोरी. सोबत दोन भाचे. वायरमन आणि त्याचा धाकटा भाऊ, छोटू. छोटूकडे वडिलांच्या मागे राहिलेली जुनी गाडी होती, चढ आला की खोकणारी.

असे ग्रुप एक नियम पाळतात. प्रत्येकाने आपल्या आरशात मागच्याचा दिवा बघत राहायचं. दिवा दिसेनासा झाला की थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबतो, मग त्याच्या पुढचा. आणि सगळ्यात शेवटी मुरलेला गडी ठेवायचा, कारण कुणी पडलं तर उचलणारा तोच.

मामाने शेवटी ठेवलं छोटूला.

"मामा, अहो, तो पहिल्यांदाच येतोय," वायरमन म्हणाला.

"मग शिकेल की!"

"तुम्ही राहा ना मागे."

"मी? कॅप्टन कधी मागे असतो का रे? आणि त्याचा तो खटारा पुढे घेतला तर फोटोत काय शोभा दिसेल?"

मोठ्यांचं एक बरं असतं, नियम त्यांनीच केलेले असतात. मोडले तरी कोण विचारणार?

वायरमनला मात्र निघताना आईने दारात धरून सांगितलं होतं, "सोबत नेतोयस, सोबतच आण." नवरा गमावलेली बाई. याहून जास्त ती बोललीच नव्हती. म्हणून वायरमनने शेवटून दुसरी जागा घेतली.

मामाचे फोटो संपता संपेनात. मावळता सूर्य पाठीमागे हवा, मग तोच सूर्य बाजूने हवा. परत फिरेपर्यंत अंधार पडला. आडरस्ता, एक गाडी जेमतेम जाईल एवढा. दोन्ही कडांना खडी, मग झाडी. जागोजागी मोऱ्या, म्हणजे ओढ्यांवरचे बुटके पूल, सगळे सारखे. मामा पुढे सुसाट. मागे, वायरमनच्या आरशात, छोटूचा दिवा. पिवळट, थरथरणारा.

एका मोरीवर वायरमनची गाडी दणकून आदळली. आरसा फिरला. त्याने तो हाताने सरळ केला.

दिवा नव्हता.

त्याने ब्रेकवर पाय ठेवला... आणि दिवा आला. हुश्श करून त्याने पुन्हा गाडी पळवली.

दिवा आता जरा जवळ होता. आणि थरथरत नव्हता.

छोटू धीट झाला, असं त्याला वाटलं. त्याने हात वर करून खूण केली. मागून काहीच नाही. वेग कमी केला, दिव्यानेही कमी केला. वाढवला, दिव्यानेही वाढवला. पुष्कळ अंतर असंच गेलं. मग त्याच्या लक्षात आलं की चढ चढून झाला, तरी खोकणाऱ्या इंजिनचा आवाज कुठे आलाच नाही.

पेट्रोल पंपावर सगळे थांबले. दिवाही थांबला. लांब, अंधारात. आत येईना.

"छोटू, ये रे!" वायरमन ओरडला.

पंपावरचा माणूस नळी अडकवत हळूच म्हणाला, "त्याला बोलावू नका. तो उजेडात येत नाही."

"कोण? माझा भाऊ आहे तो."

"ग्रुप आला की शेवटी तो असतोच. डाव्या हाताचं एक बोट नसलेला गडी होता, त्याच्या ग्रुपने मागे टाकला. इथवर येतो." एवढं बोलून माणूस केबिनमध्ये गेला. आतून कडी लागली.

वायरमन दिव्याकडे धावला. दिवा विझला. रस्त्यावर कुणी नव्हतं. छोटूचा फोन वाजत राहिला... वाजत राहिला.

"मामा, मागे फिरा सगळे!"

"अरे, लघवीला थांबला असेल. दहा मिनिटं बघू. या अंधारात मागे जाऊन आणखी कुणी पडलं म्हणजे?"

"तू कॅप्टन ना?" वायरमन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मामाला अरेतुरे केलं. "मग ये की!"

मामाने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. बाकीचे जॅकेटवाले आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

वायरमन एकटा फिरला.

आरशात बघायचं नाही असं त्याने ठरवलं. मग बघितलं.

मागे दिवा होता.

"काय पाहिजे तुला?" तो रडत ओरडला. "तुझ्यामुळे मी त्याला टाकून आलो! कुठाय तो? सांग ना... कुठाय?"

दिवा नुसता मागे.

एक मोरी गेली. दुसरी गेली. तो प्रत्येक ठिकाणी छोटूला हाका मारत होता. घसा बसला. पुढची मोरी आली.

दिवा गेला.

तो थांबला. इंजिन बंद केलं. काहीच ऐकू येईना. मग वास आला. पेट्रोलचा.

छोटू खाली चरात होता, अंगावर गाडी. श्वास होता. नावापुरता. वायरमनने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या बाई विचारत होत्या, "रस्त्याचं नाव सांगा." त्या रस्त्याला नावच नव्हतं. मामाला फोन लावला. मामाने उचलला नाही.

त्याने गाडी ढकलली. भावाला पाठीवर घेऊन वर सरपटला. मागच्या सीटवर बसवलं. सामान बांधायची इलॅस्टिकची दोरी दोघांभोवती गुंडाळली. जवळचा दवाखाना पंपाच्या उलट्या बाजूला, तिकडेच निघाला. छोटूचं डोकं त्याच्या मानेवर आपटत होतं.

"झोपू नकोस. छोट्या, आईला काय सांगू मी? ए... बोल ना..."

उतारावर दोरी तुटली.

सपकन आवाज झाला. मागचं वजन एका बाजूला गेलं. गाडी कलली. ब्रेक दाबला असता तर दोघंही गेले असते.

आणि मागून दोन हातांनी त्याच्या बरगड्या धरल्या.

घट्ट. दुखेल इतक्या घट्ट. वजन सरळ झालं.

"छोटू? आलास शुद्धीवर?"

हात सुटले नाहीत. दवाखान्याच्या दारापर्यंत सुटले नाहीत.

छोटू जगला. पायात सळई आहे. सकाळी मामा आला आणि आपल्या बहिणीसमोर, म्हणजे वायरमनच्या आईसमोर, म्हणाला, "बघ, काही झालं नाही ना!" तिने त्याच्या तोंडावर दार लावलं.

"मग भूत कुठेय यात?" पोरांपैकी एकाने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

काकाने शटर पूर्ण खाली ओढलं आणि राहिलेलं सांगितलं.

त्या रात्री डॉक्टरांनी वायरमनला विचारलं होतं, "पेशंटला बाइकवरून आणलंत? धरून कोण बसलं होतं?"

"तोच. त्यानेच मला धरलं होतं."

"शक्य नाही. त्याचे दोन्ही हात मोडलेत. मनगटापासून."

वायरमनने शर्ट वर केला. बरगड्यांवर बोटं उमटली होती. छोटूच्या बोटांहून जाड, लांब. उजवीकडे चार.

डावीकडे तीन.

वर्ष होऊन गेलं. काकाने परवाच पाहिली. अजून निळी आहेत.